‘गावाचं मत’ म्हणजे नेमकं कुणाचं मत? देवस्थान कमिटीला खुलं पत्र

प्रति,
गावचे सर्व मानकरी, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आणि सदस्य, वाडीप्रमुख, तसंच मुंबई मंडळाचे पदाधिकारी

सविनय नमस्कार.

शिमगा संपल्यावर देवळात जी गावबैठक झाली, तिच्यात आपण आमच्या घराबद्दल एक निर्णय घेतलात. पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा माझ्या धाकट्या जावेनं देवीची ओटी भरली. ती विधवा आहे. त्यावर आपण ठरवलंत की आमच्या घरानं दंड भरावा, देवळात उभं राहून गावाची माफी मागावी आणि तसं होईपर्यंत पालखी आमच्या अंगणात येणार नाही. गणपतीत आमच्याकडे आरतीला, भजनाला कुणी जायचं नाही, हे वहीत लिहिलेलं नाही. पण वाडीवाडीत सांगितलं गेलं. बैठकीच्या वहीत हा निर्णय सर्वानुमते झाल्याची नोंद आहे.

तो सर्वानुमते झालेला नाही. हे मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे, म्हणून पत्र खुलं आहे. कमिटीला दिलेल्या लेखी अर्जाचं उत्तर आलं नाही. गावाचं नाव मी लिहीत नाही. संगमेश्वर तालुक्यात खाडीच्या अंगाला असलेलं एक गाव, एवढं वाचणाऱ्यांना पुरे. गावाची अब्रू काढायची माझी इच्छा नाही. आणि असं गाव आमचं एकच आहे, असंही नाही. रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत कुठल्याही वाडीत विचारा, वाळीत पडलेल्या एखाद्या घराची गोष्ट कुणीतरी आवाज खाली करून सांगेल.

ओटीचं ताट मी तिच्या हातात दिलं होतं. मी सवाष्ण आहे, घरातली थोरली आहे, रिवाजाप्रमाणे ओटी माझ्या हातून भरली जायला हवी होती. पण माझा धाकटा दीर २०२१ साली कोरोनात गेला आणि तेव्हापासून त्या घराचं दार तिनंच उघडं ठेवलं आहे. भातलावणी, काजूची बाग, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, मुलीची शाळा, सगळं तिनं एकटीनं ओढलं. मी नोकरीपायी तालुक्यात फिरत होते, माझे यजमान मुंबईत. देवी वर्षातून एकदा माणसांच्या दारी येते ती त्या घराची ख्यालीखुशाली घ्यायला येते, असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं. मग जिनं घर राखलं तिनं त्या वेळी दाराआड का थांबायचं? म्हणून मी ताट तिला दिलं. पुढच्या शिमग्यालाही देईन.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण बैठकीत ‘शिकलेल्यांना देवधर्म नको असतो’ असं कुणीतरी म्हणालं. मी देव मानते. पालखीला देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, लावतात त्या दिवशी आजही माझ्या अंगावर काटा येतो. गुरव गाऱ्हाणं घालतात तेव्हा सगळ्या गावाबरोबर माझाही ‘व्हय म्हाराजा’ उठतो. आयुष्यातले अवघड प्रसंग मी या देवीच्या पायाशी बसून काढले आहेत. म्हणूनच तिच्या नावानं जे झालं ते मला सहन होत नाही. देव न मानणाऱ्या माणसाला आपला निर्णय केवळ अन्यायाचा वाटेल. मला तो माझ्या श्रद्धेत घातलेला हात वाटतो.

बैठकीत मी उभी राहिले. ‘देवळाच्या बैठकीत बायकांनी बोलायची आपल्यात पद्धत नाय’ असं सांगून मला बसवलं. मग विचारलं गेलं, ‘कुनाची हरकत हाय काय?’ कुणी बोललं नाही. तेवढ्यावर सर्वानुमते.

त्या रात्रीपासून माणसं आमच्याकडे येऊ लागली. काळोख पडल्यावर, परसातून. पालखीला वर्षानुवर्षं खांदा देणारा एक तरुण आला. म्हणाला, ‘बाई, मला अजाबात पटला नाय. पन मी येकटा काय करनार? उद्या माजा खांदा काढून घेतील.’ शेजारच्या दोघी आल्या, वेगवेगळ्या वेळी, आणि दोघींनी तेच विचारलं: ‘ओटी भरली, त्यात वंगाळ काय केलान तिनं?’ मुंबईत राहणाऱ्या आपल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निर्णयाखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली होती. त्यातल्याच काही मुलांचे मला वेगळे संदेश आले: काकी, हे चुकीचं आहे, पण ग्रुपवर लिहिता येत नाही. आणि एक मानकरी आले, वयानं माझ्या वडिलांसारखे. बराच वेळ पडवीत काही न बोलता बसले. मग म्हणाले, ‘माझी लेक रांडमुंड झाल्यापासून मी तिला शिमग्याला म्हायेरी बोलवत नाय. पालखी दारात आली की ती चुलीम्होरं जाऊन बसते, ता माज्याच्यानं बगवत नाय.’ बैठकीत ते पहिल्या रांगेत होते.

प्रत्येकानं शेवटी एकच वाक्य म्हटलं: ‘पन बाकीच्यांना पटलाय ना.’

मी विचारायची, बाकीचे म्हणजे कोण? तो तरुण त्या मानकऱ्यांचं नाव घ्यायचा. मानकरी त्या तरुणाच्या पिढीचं नाव घ्यायचे: ‘आताची पोरं फार कडक झालीत, आमी म्हातारे काय बोलनार?’ दोघंही माझ्या पडवीत येऊन गेलेले, दोघांचंही मत एक, आणि दोघंही एकमेकांच्या भीतीनं गप्प. मला त्यांना एकमेकांबद्दल सांगता येईना, कारण ते माझ्याकडे विश्वासानं बोलले होते. इथंही मी कुणाचं नाव, वाडी, आडनाव लिहिलेलं नाही, आणि कुणी ओळखण्याचा प्रयत्न करू नये.

हे आपल्याच गावात घडतं असं नाही. १९३२ साली रिचर्ड शँक नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. गावाचं खरं नाव लपवून त्यानं त्याला एल्म हॉलो म्हटलं. तिथल्या मेथडिस्ट पंथाच्या भाविकांना तो चारचौघांत विचारायचा, तेव्हा राजाराणीच्या चित्रांचे पत्ते खेळणं, तंबाखू, दारू हे सगळं पाप आहे असं जवळजवळ सगळे सांगायचे. तो त्यांच्यातच राहिला, ओळखी वाढल्या. मग त्यातलेच कित्येक खिडक्यांचे पडदे ओढून त्याच्याबरोबर पत्ते खेळायला बसले. आणि प्रत्येकाला वाटत होतं की गावातले बाकीचे मात्र मनापासून कडक आहेत. देव वेगळा, धर्म वेगळा, समुद्रापलीकडचा देश. माणसं आपल्या पडवीत येऊन गेली तीच.

दुसरा प्रयोग १९५१ चा, सॉलोमन ॲश यांचा. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासात मानसशास्त्र होतं, तेव्हापासून तो माझ्या डोक्यात आहे. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर तीन रेघा. त्या तिन्हींतली पहिलीएवढी कोणती ते सांगायचं. पहिलीतलं पोर सांगेल इतकं सोपं. पण गटातले एक सोडून सगळे प्रयोगकर्त्याला सामील असत आणि ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. उरलेल्या त्या एकाचा खरा कस लागे. एकटं असताना लोक जवळपास चुकत नव्हते. गटात बसवल्यावर अशा फेऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाच्या चुकीला जाऊन मिळाली, आणि चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतंय त्याच्या उलट सांगितलं.

मला यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. नंतर त्यांना विचारलं, असं का केलंत? काही म्हणाले, वेगळं पडायला नको म्हणून. पण काही म्हणाले, आम्हाला वाटलं आमचेच डोळे चुकत असतील. म्हणजे दाब नुसता तोंडावर येत नाही. तो आत उतरतो आणि माणसाचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास काढून घेतो. रेघेची लांबी निदान पट्टी लावून मोजता येते. देवीला काय आवडतं आणि काय नाही, हे मोजायला पट्टी कुठून आणायची? तिथं माणसाकडे स्वतःचं मन असतं आणि आजूबाजूची माणसं असतात. आजूबाजूची माणसं एकसुरात बोलू लागली की मन हळूहळू बोलायचं थांबतं.

आपल्या निर्णयानं हे कसं घडतंय ते मी रोज बघते आहे.

बैठकीनंतर पंधरवड्यात वादळी पाऊस झाला आणि आंब्याचं नुकसान झालं. लगेच बोललं गेलं, विधवेच्या ओटीचा कोप. हे बोलणाऱ्यांत एक जण असा आहे की ज्याची आंब्याची जाण मी मानते. फुलकिडे कधी पडतात, तुडतुड्यांवर कधी फवारायचं, भुरीला काय लागतं, सगळं त्याला पाठ आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला तो अख्ख्या वाडीला समजावून सांगतो. गेली कित्येक वर्षं अवकाळी पाऊस आपली बागायत कसा झोडपतो आहे ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. तोही त्या दिवशी पारावर बसून कोपाबद्दल बोलत होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, ‘तुला खरंच असं वाटतं?’ तो म्हणाला, ‘बाई, मला काय वाटता त्याला काय किंमत हाय? गावाला तसा वाटता.’ त्याच्या डोक्यात आता दोन खण झाले आहेत. एकात बागेची अक्कल आणि एकात गावाचं म्हणणं, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. हुशार माणूस स्वतःच्या बुद्धीला असा कुलूप लावून बसला की मला कापरं भरतं.

माझ्या जावेबद्दल तर लिहवत नाही, पण लिहायला हवं. ओटी भरताना तिचा चेहरा बघायला हवा होता. इतक्या वर्षांनी देवीच्या पुढ्यात उजळ माथ्यानं उभी होती. आता ती म्हणते, ‘ताई, माझंच चुकलं असेल. एवढी सगळी माणसं उगीच कशाला म्हणतील?’ हळदीकुंकवाला तर तिला कुणी बोलवत नव्हतंच, आता कुणी घरी आलं की ती आपणहून आत जाते. तिला देवीची भीती वाटायला लागली आहे. आयुष्यभर जिला ‘आई’ म्हटलं तिची भीती. तिची मुलगी आठवीत आहे. तिनं मला विचारलं, ‘मोठी आई, देवी आपल्या आईवर खरंच रागावलीय का गं?’ मी नाही म्हटलं. तिनं लगेच पुढचं विचारलं, ‘मग सगळे रागावलीय असं का म्हणतात?’

मानकरी मंडळी, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही त्या मुलीला द्यावं. ‘सगळे तसं मानत नाहीत, पण सगळे तसं म्हणतात’ हे खरं उत्तर आहे. ते ऐकल्यावर त्या पोरीची श्रद्धा देवावर कशी टिकायची आणि गावावर कशी टिकायची? आमच्या घरातली एक बाई स्वतःवर संशय घेते आहे, एक मुलगी देवावर संशय घेते आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखांनी वर्गणी जमवतो आपण, पण श्रद्धेचं हे नुकसान कुठल्या पावतीबुकात मांडणार?

आणखी एक विचारायचं आहे. निर्णय देवीच्या नावावर सांगितला जातो आहे. कौल कधी लावला? मी गुरवांना विचारलं. कौल लावलेला नाही. गाऱ्हाणं घातलेलं नाही. म्हणजे आपल्याच रिवाजाप्रमाणे देवीला विचारायची जी रीत आहे तीही पाळली गेली नाही. काही माणसांनी बैठकीत ठरवलं, बाकीचे गप्प बसले आणि बाहेर पडताना ते देवीचं म्हणणं झालं. उद्या कौल लावून निर्णय आमच्याविरुद्ध फिरवला तरी मी दंड भरणार नाही, हेही सांगते; कुणाला वाळीत टाकायचा कौल मागणं हेच मला पाप वाटतं. पण रिवाज राखायचा म्हणून शिक्षा देताना तोच रिवाज बाजूला ठेवला गेला, हे गावानं लक्षात घ्यावं.

रिवाजाबद्दल बोलायचं तर आपल्याच जिल्ह्यातलं बोलू. दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. तेव्हाही गावाचं मत होतं, तेव्हाही धर्म बुडत होता. त्याच कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं आणि आज आपण शाळाशाळांतून मुलांना सांगतो, अण्णासाहेब कर्वे आपल्या कोकणातले. मीही कितीतरी वर्षं वर्गात सांगितलं. ज्या बैठकीनं त्यांच्यावर बहिष्कार घातला तिच्यातल्या किती जणांना मनातून ते पटलं होतं, हे आता कुणालाच कळणार नाही. ते बोललेच नाहीत.

आणि देवरूख तर आपलंच. तरुणपणी वैधव्य आलेल्या इंदिराबाई हळब्यांनी तिथं १९५४ साली मातृमंदिर सुरू केलं. या तालुक्यातल्या कितीतरी बायका त्यांच्या प्रसूतिगृहात बाळंत झाल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. ज्या हातांनी मुलं जगात आणली ते हात देवीच्या ओटीला चालत नाहीत, असं त्यांच्या देखत बोलायची कुणाची हिंमत झाली असती का?

हरिपाठ आपण देवळात रोज म्हणतो. ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांना आणि भावंडांना आळंदीत काय भोगावं लागलं, हे कीर्तनात ऐकून आपण डोळे पुसतो. त्या डोळ्यांना शेजारच्या अंगणातलं दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कायदा. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचं संरक्षण करणारा कायदा २०१६ साली विधिमंडळात मंजूर केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू आहे. देशात असा स्वतंत्र कायदा आजच्या काळात करणारं आपलं पहिलं राज्य, आणि तो करावा लागला याला रायगड जिल्ह्यातल्या गावकीच्या बहिष्काराची प्रकरणं हे एक मोठं कारण होतं. म्हणजे तो आपल्या कोकणासाठीच झाला म्हटलं तरी चालेल. कुणाला धार्मिक किंवा सामाजिक कार्यात भाग घेण्यापासून अडवणं, त्याच्याशी संबंध तोडायला इतरांना भाग पाडणं, हे या कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्काराला मदत करणाराही सुटत नाही. याआधी मुंबई प्रांतानं १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. तो दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी आव्हान दिल्यावर सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये रद्द केला. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपवला गेला. हे मुद्दाम सांगते, कारण ‘हा कायदा आमच्याच देवांच्या मागं’ असंही बैठकीबाहेर बोललं गेलं. जमात असो, चर्चची पॅरिश असो, गावकी असो, माणसाला एकटं पाडायची भीती दाखवून त्याचं मत बनवायची रीत सगळीकडे सारखीच आहे.

विधवांबद्दल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना परिपत्रक काढून हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. आपल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर मी ते कधी पाहिलं नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. गाव एक राहिला पाहिजे, असं तुम्ही म्हणता. गावाच्या एकीचं मोल मला माहीत आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा आपल्या गावातून भाकऱ्या, कपडे, चादरी गेल्या. मुंबई मंडळानं रातोरात टेम्पो भरून पाठवला. चिखल काढायला गेलेल्या पोरांत मघाचा तो खांदेकरी होता. तेव्हा गावानं ‘चला’ म्हटलं आणि कुणी मागं राहिलं नाही. त्या दाबाला मी वाईट म्हणत नाही. पाखाडीच्या, म्हणजे गावातल्या पायवाटेच्या, श्रमदानाला प्रत्येक घरातून माणूस आलाच पाहिजे, हेही बरोबर आहे. पण सगळ्यांनी मिळून चिखल काढणं वेगळं आणि सगळ्यांनी मिळून देवाबद्दल एकच बोलणं वेगळं. पहिल्यानं गाव उभं राहतं. दुसऱ्यानं प्रत्येक घरात गप्प बसलेलं एक माणूस तयार होतं, आणि अशा गप्प माणसांची एकी पहिल्या अडचणीला कोसळते. आपल्या गावची तरुण मुलं शिमग्याला येणं कमी का करताहेत, याचा विचार करताना हेही मनात घ्या. त्यांच्यातल्या काहींनीच मला सांगितलं: तिथं आलं की मान डोलवावी लागते.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

आमच्या घराबद्दलचा निर्णय आणि दंड रद्द करावा. ज्या वहीत तो लिहिला त्याच वहीत रद्द झाल्याची नोंद व्हावी. भजन-आरतीला जायचं नाही हे जसं वाडीवाडीत सांगितलं गेलं, तसंच जावं, यावं हेही वाडीवाडीत सांगावं. माझ्या जावेनं आणि मी माफी मागण्याचा प्रश्न येत नाही. तिची माफी मागा असाही आग्रह मी धरत नाही. पण कमिटीतल्या एकानं तरी घरी येऊन त्या मुलीला सांगावं की देवी तिच्या आईवर रागावलेली नाही. ही मागणी बाकीच्यांपेक्षा मला जवळची आहे.

यापुढं कुठल्याही घराचा, व्यक्तीचा मानपान, सहभाग याबद्दल काही ठरवायचं असेल तर ‘कुनाची हरकत हाय काय’ असं विचारून ठरवू नये. घडी घातलेल्या चिठ्ठ्या घ्याव्यात, नाव न लिहिता. प्रत्येक घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची चिठ्ठी, बायकांचीही, विधवांचीही, आणि मोजणी सगळ्यांसमोर. ॲशच्या प्रयोगात उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायला दिलं तेव्हा गटामागं जाणं खूपच कमी झालं. गटात एकानं जरी खरं उत्तर दिलं तरी ते कमी झालं. आपल्याकडे तो एक जण उभा राहत नाही, कारण त्याला वाटतं तो एकटाच आहे. चिठ्ठी त्याला कळवेल की तो एकटा नाही. आणि चिठ्ठ्यांतून निघालं की गावाला खरोखरच विधवेची ओटी नको आहे, तर ते गावाचं मत म्हणून मी ऐकून घेईन आणि त्याविरुद्ध बोलत राहीन. पण त्यावरून कुणाला दंड, कुणावर बहिष्कार, हे तेव्हाही चालणार नाही. ते ठरवायचा अधिकार बहुमतालाही नाही.

बैठकीत बायकांना बसायला आणि बोलायला जागा द्यावी. देवीचं देऊळ आहे. तिच्या दारात बाईनं बोलायचं नाही हे मला कधीच कळलं नाही.

पाऊस, आजारपण, होडीचं इंजिन बंद पडणं, या गोष्टी कुणाच्या ओटीशी जोडणारं बोलणं कमिटीच्या पदाधिकाऱ्यांनी तरी बंद करावं. तुम्ही बोललात की ते गावाचं होतं.

मुंबई मंडळाला वेगळी विनंती. ग्रुपवर हात जोडून मंजुरी घेणं थांबवा. तिकडं राहून तुम्हाला इथल्यापेक्षा मोकळेपणानं बोलता येतं, ते मोकळेपण वापरा. ज्यांनी मला संदेश पाठवले त्यांच्याबद्दल मला राग नाही. पण तोच मजकूर त्यांनी मंडळाच्या बैठकीत वाचला तर माझ्या जावेला त्याचा जास्त उपयोग होईल.

गणपतीपर्यंत यातलं काही झालं नाही तर मी २०१६ च्या कायद्याखाली तक्रार करणार आहे. धमकी म्हणून लिहीत नाही. तुम्ही माझी माणसं आहात, तुमच्यातल्या कित्येकांना मी अक्षरं गिरवायला शिकवली आहेत, तुमच्यावर गुन्हा दाखल व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. पण आठवीतल्या मुलीनं विचारलेल्या प्रश्नापुढं माझ्या वाटण्याला फार किंमत नाही.

गणपतीच्या तयारीची गावबैठक श्रावणात होईल. हा विषय तिच्यात पहिला घ्यावा. मी येणार आहे आणि बोलणार आहे. माझी जाऊ यायला तयार झाली तर तीही माझ्या शेजारी बसेल. चिठ्ठ्यांचे कागद आणि पेटी मी माझ्याकडून आणीन. या पत्राचं उत्तर लेखी द्यावं आणि ते देवळाच्या फलकावर लावावं.

आपली,
गावातलीच एक निवृत्त शिक्षिका